भट्टीच्या वहीतला एक ‘व’

मामा, आज तुम्हाला लिहायला बसलोय त्याचं कारण आधी सांगून टाकतो. मला पुन्हा भट्टी मिळालीय. म्हणजे मिळालीय माझ्या सुनेला, मी आपला राखणदार. डोंबिवलीत एमआयडीसीच्या कडेला तिने एक गाळा भाड्याने घेतलाय. तिथे ती लोकांना मातीची भांडी करायला शिकवते आणि स्वतः केलेली विकते. भट्टी विजेची आहे, माझ्या छातीएवढी. आपली ठाण्याच्या कारखान्यातली तेलावरची भट्टी आठवा, आत उभं राहून माणसं विटा लिंपायची. तिच्यापुढे ही म्हणजे देव्हारा. तुम्ही बघितली असतीत तर नक्की विचारलं असतंत, “हिच्यात काय रे, इडल्या लावतोस?”

पण हिच्या अंगावर जो डबा आहे ना, तो तुम्हाला आवडला असता. तळहाताएवढा काळा डबा, त्यात आकड्यांच्या दोन ओळी. वरची लाल, खालची हिरवी. वरचा आकडा म्हणजे भट्टीत आत्ता जेवढी उष्णता आहे तेवढी, खालचा म्हणजे आपल्याला जेवढी हवीय तेवढी. जे आहे ते वर, जे हवं ते खाली, आणि दोन्हींचा मेळ बसेपर्यंत आत एक स्विच खट्‌ करून लागतो, खट्‌ करून सुटतो. मी खुर्ची टाकून त्या खटखटीत लघु-गुरू मोजत बसतो. सुरुवातीला सगळे लघु असतात, वर चढत गेलं की गुरू येऊ लागतात. शाळेत वृत्तं पाठ केली त्याचा उपयोग सत्तरी ओलांडल्यावर असा व्हायचा होता. किती तासांत किती चढायचं, कुठे थांबायचं, सगळं आधीच भरून ठेवता येतं. फक्त ‘सेट’चं बटण तीन सेकंद दाबून धरायचं असतं, आणि मी नेहमी दोनवरच सोडतो. सूनबाईने पायऱ्या कागदावर लिहून डब्याशेजारी चिकटवल्यात. महिन्यातून एकदा मेन बंद करून मी आतली धूळ ब्रशने झाडतो, ढिले झालेले स्क्रू आवळतो. यंत्राची सेवा मी तुमच्याकडूनच शिकलो.

कारण लोक समजतात तसे तुम्ही नव्हतात. जुना मिस्त्री म्हटला की त्याने यंत्राला नाकं मुरडायलाच हवीत असं नव्या पोरांना वाटतं. आपल्याकडे उष्णता दाखवणारं काट्याचं मीटर आलं तेव्हा नाक मी मुरडलं होतं. मी पंचविशीतला, कवितांनी डोकं भरलेला. मी म्हणालो, “मामा, तुमच्या डोळ्यापुढे हे काय सांगणार?” तुम्ही शर्टाच्या टोकाने मीटरची काच पुसताय, तोंडात सुपारी, आणि म्हणताय, “डोळो म्हातारो होतो रे. ह्याका चष्मो लागणार नाय.” मालवणी तुम्ही फक्त खुशीत असलात की बोलायचात. त्या दिवशी कोपरीच्या घरी जाताना पेढे घेऊन गेलात, मीटर आलं म्हणून.

तरी डोळा शिकवलात तो शिकवलातच. भट्टीच्या भोकातून निळ्या काचेआडून बघायचं आणि रंगाचं नाव सांगायचं. कुंकू, मग जास्वंद, मग केशर, मग हापूस, आणि शेवटी तूप. “तुपाच्या पुढे जायचा नाय. तुपाच्या पुढे पाणी.” पाणी म्हणजे माल वितळला. तूप आलं की दम द्यायचा, उष्णता तशीच धरून ठेवायची, आणि दम मोजायला घड्याळ असताना तुम्ही मला सांगायचात, “तुझी ती लांबलचक कविता म्हण बघू तीनदा.” चिनी मातीचे पांढरे फ्यूज भाजायच्या भट्टीसमोर उभा राहून मी सातवीच्या पुस्तकातली कविता म्हणतोय आणि तेलवाले, हमाल सगळे हसतायत, हे आठवलं की अजून कान तापतात. मी कारखाना सोडला तेव्हा ती निळी काच तुम्ही माझ्या हातात ठेवलीत. म्हणालात, “ने. माझ्याकडे आता मीटर आहे.”

आता गेल्या आठवड्यातली गोष्ट. सूनबाईला पहिली मोठी ऑर्डर मिळालीय, ठाण्यात दिवाळीला उघडणाऱ्या एका हॉटेलसाठी साठ वाडगे. महिनाभर तिने चाकावर मान मोडली. वाडगे भट्टीत रचले आणि नेमकं त्याच दिवशी तिला नमुन्याच्या बशा घेऊन ठाण्याला जावं लागलं. भट्टी माझ्यावर सोपवायला ती तयार नव्हती. त्यात तिची चूक नाही, पुस्तक वाचता वाचता मी तीनदा दूध उतू घालवलंय. दारातून दोनदा परत आली. “बाबा, हे बिघडलं तर दुसऱ्यांदा करायला दिवस नाहीत हं.” मी म्हटलं, “अगं, मी बारा वर्षं भट्टीवर काढलीत.” ती म्हणाली, “दूधही तुम्ही पन्नास वर्षं तापवताय.”

सकाळी सहाला भट्टी लावली. दुपारपर्यंत सगळं छान, खट्‌, खट्‌. तीनच्या सुमारास मला जाणवलं की खटखट थांबलीय. स्विच लागला तो सुटतच नव्हता, एकच लांबच लांब गुरू. डब्यावर बघितलं तर वर एक हजार साठ आणि खाली अकराशे नव्वद. भट्टी मागे पडली होती आणि डबा तिला सारखं ढकलत होता, चल, चल. जायचं होतं बाराशे वीसला. मी सहज म्हणून निळी काच डोळ्याला लावली आणि भोकातून बघितलं. मामा, आत तूप होतं.

मी तिला फोन लावला. “अगं, डब्यावर एक हजार साठ दाखवतंय.”

“एवढं कमी? कॉइल गेली असेल एखादी. हळूहळू चढेल, थांबा तुम्ही.”

“पण रंग तुपाचा आलाय.”

“कसला तुपाचा?”

“साजूक तुपाचा. कढवून जरा निवलेल्या.”

“बाबा, प्लीज. कविता नको आत्ता.”

“कविता नाही गं, तापमान सांगतोय!”

मागे हॉटेलातलं सुतारकाम ऐकू येत होतं, ठाक ठाक. आकडा खरा असेल आणि मी भट्टी बंद केली, तर साठ वाडगे कच्चे. रंग खरा असेल आणि मी थांबलो, तर साठही वाडग्यांची झिलई ओघळून ते भट्टीतल्या फळ्यांना चिकटणार. मग ती म्हणाली, “तुमची खात्री आहे?” मी म्हटलं, “आहे.” ती म्हणाली, “मग करा बंद.”

मी मेन खाली ओढला. आणि तेव्हाच वास आला, भाजलेल्या झेंडूचा. मी भट्टीच्या मागे गेलो. भट्टीच्या पाठीतून एक पांढरा दांडा बाहेर डोकावतो, तोच आतली उष्णता मोजतो, त्याला हे लोक सेन्सर म्हणतात. त्या दांड्यावर माझा हार लटकत होता. आदल्या दिवशी दसरा झाला होता. तुमच्या पद्धतीने मी भट्टी पुसली, डब्याला हळदकुंकवाचं बोट लावलं, आणि पुढे एक, मागे एक हार घातला. तुम्ही म्हणायचात ना, भट्टीला पाठ असते, पाठीला विसरायचं नाही. मागे खुंटी नव्हती. म्हणून त्या दांड्याचा स्क्रू मी सैल केला, दांडा चार बोटं बाहेर ओढला आणि त्यावर हार अडकवला. उद्या ढकलू आत, म्हटलं. सकाळी पुढचा हार आठवणीने काढला. मागचा राहिला. बिचारा दांडा दिवसभर भिंतीच्या जाडीत बसून आतली उष्णता सांगत होता, दाराबाहेर उभं राहून लग्नाचं जेवण कसं होतं ते सांगावं तसा.

हातमोजा घालून दांडा हळूहळू आत सारला, स्क्रू आवळला, मेन वर केला. लाल आकडा अकराशेवर गेला, तिथून अकराशे ऐंशी, बाराशे दहा, आणि बाराशे सोळाला येऊन थबकला. मी एकटाच टाळ्या वाजवल्या. मग बटणावर भट्टी तिथेच धरली आणि सातवीतली ती कविता तीनदा म्हटली. तिसऱ्यांदा एक कडवं आठवेना, तिथे दुसरंच घुसवलं. दम पुरला.

दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली. साठ वाडगे असे निघाले की सूनबाई एकेक गालाला लावून बघत होती. तळाचे दोन चिकटले, तेवढे तिने जास्तीचे केलेलेच होते. आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. वर्गातल्या बायकांना, माझ्या मुलाला, हॉटेलवाल्याला, सगळ्यांना तिने सांगितलं की मशीन चुकलं पण बाबांचा डोळा चुकला नाही. मला चार जणी भेटायला आल्या. तूप कसं ओळखायचं म्हणून एकीने वहीत लिहून घेतलं. मी मान हलवत बसलो. हार मी केव्हाच बाहेरच्या कुंडीत पुरला होता.

तोपर्यंत ठीक होतं. पण सेन्सर बाहेर आला होता एवढंच मी तिला सांगितलेलं, म्हणून परवा तिने भट्टी बसवून देणाऱ्या मेकॅनिकला बोलावलं. विठ्ठलवाडीहून आला बिचारा, उन्हाचा. ती त्याच्यावर तडकली, “सेन्सरचा स्क्रू नीट आवळायला काय होतं हो? माझी ऑर्डर गेली असती!” तो म्हणाला, “ताई, मी आवळलेला. शप्पथ.” मग माझ्याकडे वळला. “काका, तुम्ही तर बाजूलाच उभे होता ना? सांगा ना, मी आवळलेला ना?” मामा, मी म्हटलं, “चहा घ्या.” दोन कप पाजले. तो गेला तेव्हा पायऱ्या उतरताना पुटपुटत होता, “आवळलेला मी.”

भट्टीची एक वही आहे. दर भट्टीला काय घडलं ते तीत लिहायचं असतं. तिने मला सांगितलं होतं, त्या दिवसाचं तुमच्या हाताने लिहा, आणि मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘सेन्सर सरकला होता.’ मराठीचे उपकार बघा, कर्त्याशिवाय काम होतं. सरकला. आपोआप, भूकंपाने, देवाच्या इच्छेने. ‘सरकवला’ लिहिलं की लगेच प्रश्न येतो, कोणी? एक ‘व’ गाळून मी लपलो, आणि तो माणूस उघड्यावर राहिला. तुम्ही एकदाच माझ्यावर चिडला होतात, आठवतं? काट्याचं मीटर न बघता मी तासातासाचे आकडे नोंदवहीत आधीच भरून ठेवले होते, यमक जुळवायला वेळ मिळावा म्हणून. तुम्ही पान टराटरा फाडलंत. “मेल्या, आकडा बघून लिहायचा असतो, लिहून बघायचा नसतो.” आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. त्या दोन दिवसांत मी एकही कविता म्हटली नाही आणि दम तुम्हाला घड्याळावर मोजावा लागला.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, कोपरीची ती चाळ पाडून तिथे टॉवर झाला, आणि तुम्ही त्याच्याही वरच्या मजल्यावर. शिवाय हे मी तुम्हाला सांगतोय ते तुम्ही कुणाला सांगणार नाही म्हणून, हेही खरंच. मेकॅनिकला मात्र मी आज सकाळी फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. तो एवढा हसला की त्याला ठसका लागला. “काका, झेंडूचा हार? मग ताईंना कधी सांगताय?” मी म्हटलं, आजच.

दुपारी ती चाकावर बसलेली असताना मी वही उघडली आणि ‘क’ आणि ‘ला’च्या मध्ये, वर, बारीक अक्षरात ‘व’ घातला. खाली सहीही केली. वही तिच्या हाताशी ठेवून आलो. ती हात धुवायला उठली, तेव्हा मी पुन्हा जाऊन वही वर्तमानपत्राने झाकली. आतापर्यंत असं तीनदा झालंय.