सतरा नंबरची बाटली

७ जानेवारी २००८
लागली एकदाची नोकरी. कराडहून निघताना आई म्हणाली, एम.एस्सी. होऊन चिलटं पाळणार का? म्हटलं, हो, तुझ्या म्हशींपेक्षा कमी खातात. कॉलेज भिवंडीत आहे, राहायची सोय खारबावला भाऊ भोईरांच्या घरी. भाऊ कॉलेजच्या कमिटीवर आहेत. हायवेच्या गोदामांखालची जमीन यांचीच. घरात त्यांच्या पत्नी गोदूबाई, मुलगा कुणाल, सून मृणाली आणि सहा वर्षांची नात सोनी. सोनीनं तासाभरात माझी बॅग उपसली, माझी टिकली लावून पाहिली आणि मला मावशी करून टाकलं. जेवायला बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. मी दोनदा मागून घेतलं. खूश आहे मी, उगाच कशाला लपवू.

१९ जानेवारी
कामाचं लिहून ठेवते. नर चिलटात, म्हणजे फळमाशीत, एक्स गुणसूत्र एकच, आईकडून आलेलं. शुक्रजंतू तयार होताना त्या एक्सवरची जनुकं दबून राहतात का, हे लॅबचे सर आणि मी तपासतोय. युक्ती साधी आहे. निळा रंग देणारं एकच जनुक काही माश्यांत एक्सवर बसवलंय, काहींत दुसऱ्या गुणसूत्रावर. मग नराचा वृषण काढून रंगवायचा. सूक्ष्मदर्शकाखाली जिलबीच्या वेढ्यासारखा दिसतो. जनुक दुसरीकडे बसलेलं असेल तर वेढा गडद निळा होतो, एक्सवर असेल तर फिकट. जनुक तेच, पण एक्सवर बसलं की त्याचं काही चालत नाही. आमच्या घरात माझं चालायचं तेवढंच.

लॅबमध्ये गॅस नाही. माश्यांचं खाणं, म्हणजे मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट, गोदूबाईच त्यांच्या मोठ्या पातेल्यात शिजवून देतात. कॉलेजात लोडशेडिंगने माश्या मरतात म्हणून प्रत्येक बाटलीची जोडबाटली इथे माजघरात ठेवलीय. गोदूबाई म्हणतात, आमच्या घरात चिलटांचा पन पाहुणचार हाय.

२ फेब्रुवारी
आज तोंडाला आवर घातला नाही. जेवताना गोदूबाई मृणालीला पुन्हा बोलल्या, एका पोरीवर थांबली म्हणून. मी म्हटलं, आई बिचारी एक्सच देते, तिच्याकडे दुसरं नाहीच. बापाचा एक्स गेला तर मुलगी, वाय गेला तर मुलगा. जाब विचारायचा तर कुणालला विचारा. कुणालनं ताट सरकवलं. मृणाली मान खाली घालून हसली, आणि मला फार बरं वाटलं.

भाऊ मात्र विचार करत बसले. हात धुताना म्हणाले, मंग कुनालचा यो एक्स मुका केला त सगले पोरगेच व्हतील? मी हसून म्हटलं, आधी चिलटांत करून दाखवते. जीभ माझी, दुसरं काय.

२१ फेब्रुवारी
सतरा नंबरची बाटली. वृषण पांढराफटक, निळ्याचा मागमूस नाही. आणि प्रजा मोजली तर एकशे बारा, सगळे नर. एकही मादी नाही. सरांनी तीनदा मोजायला लावली. माझ्या नावानं शोधनिबंध छापून येईल म्हणाले. मी उडतच घरी आले आणि रात्री जेवताना सगळं सांगून टाकलं. भाऊंनी ते दोनदा वदवून घेतलं.

१ मार्च
गोदूबाईंनी आज लाजत कबुली दिली. माजघरातल्या सतराची चिलटं वाळवून, गुळात कुटून त्यांनी गोळ्या वळल्या. कुणालला नऊ दिवस दिल्या, आज शेवटची. त्यांच्या आईनंही जावयाला कसलंसं मूळ दिलं होतं आणि गुण आला होता म्हणे. मी संतापले, मग हसूच आलं. होऊन होऊन काय होणार, पोट बिघडेल.

६ मार्च
लॅबमधल्या सतरात मी बारा माद्या सोडल्या होत्या. एकही नाही. मेल्या असत्या तर अंगं सापडली असती. बाटलीच्या तोंडाचा कापसाचा बोळा घट्ट होता. आत नुसते नर, एकामागे एक गोल फिरताहेत, एक पंख बाहेर काढून थरथरवताहेत. असं ते मादीपुढे करतात.

सोनीचं ताट दोन दिवस मांडलं गेलं नाही. मी माझ्यातलं दिलं. या घरात पोरी शेवटीच जेवतात, म्हणून मला वेगळं काही वाटलं नाही. लाज वाटते आता लिहिताना.

९ मार्च
भाऊंनी विचारलं, ही कोनाची पोर? मला वाटलं, चेष्टा. मग मृणालीनं सोनीचा हात आपल्या पदरातून सोडवला आणि गोड आवाजात तिला सांगितलं, घरी जा बाळ, आई वाट पाहत असेल.

सोनी माझ्या खोलीत आहे. रडून रडून झोपली.

लॅबची वही उघडली. ‘माद्या: बारा’ असं मी लिहिलं होतं. तिथे जागा कोरी आहे. अक्षर पुसलेलं नाही, कधी लिहिलेलंच नाही असं.

११ मार्च
सोनी कुणाल भोईर, वय सहा. रोज लिहिणार. विसरायचं नाही.

काल अर्धा दिवस मी हिला विसरले होते. खोलीत आले तर कोपऱ्यात उपाशी बसली होती.

१३ मार्च
सोनी कुणाल भोईर, वय सहा.
मृणाली नाही. सकाळी तिनं मला चहा दिला. दुपारी कपाटात नुसते शर्ट. कुणाल म्हणतो, माझं लगीन कुठं झालंय अजून.

१४ मार्च
सोनी कुणाल भोईर, सहा.
गोदूबाई नाहीत. भाऊ आणि कुणाल ओट्यापाशी उभे होते. भात का शिजला नाही, एवढंच त्यांना कळेना.

१५ मार्च
सोनी. सहा वर्षं.
लॅबमधल्या सगळ्या बाटल्यांत उकळतं पाणी ओतलं. नुसत्या सतरात नाही, आता सगळ्यांतच नर — सर दारात आले. मला विचारलं, कोण हवंय तुम्हाला?
मी केलं हे. मिरवायची हौस. माझी.

१६ मार्च
खारबाव स्टेशन. सोनीला घेऊन निघालेय, कराडला —
घरी आबांना फोन लावला. म्हणाले, आम्हाला एकच मुलगा. मी म्हटलं, आबा, मी उज्ज्वला. ते म्हणाले, बाई, रडू नका, तुमच्या माणसांना लावा फोन. आबा कधी एवढ्या मायेनं बोलले नव्हते माझ्याशी.
सोनी कुणाल. सोनी. सो

गाडी अजून नाही. ऊन फार.
कुणाची तरी चुकलेली पोर आहे इथे. माझं बोट सोडत नाही. बिचारी. विचारलं, नाव काय गं तुझं? तर म्हणते, तू तर रोज लिहि—