जहराचा रकाना

दादा, आज नात दवाखान्यातल्या कामावरून घरी आली ती तोंड पाडूनच. विषबाधेने मरणारे वर्षागणिक वाढत चाललेत, असा एक कागद तिच्या हाती पडला होता आणि जग बुडालंच अशा सुरात ती मला तो वाचून दाखवत होती. मी तिला एवढंच विचारलं, की आधी हे लोक कुठल्या रकान्यात जात होते? तिने कागद पुन्हा वरून वाचायला घेतला. प्रश्न तुमचा, मी फक्त पुढे केला, आणि हुशारीचं कौतुक मात्र माझं झालं. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली. तरी म्हटलं, लेकीने हे बापाच्या कानावर घालावं.

निजामाचं राज्य होतं. आपलं गाव साखऱ्याच्या अलीकडचं, तुम्ही गावचे पोलीस पाटील, आणि मौतीची वही तुमच्याकडे. त्या वहीत सगळं गाव तापानेच मरायचं. म्हातारा गेला, ताप. तान्हं लेकरू गेलं, ताप. मला अक्षरओळख झाली ती त्याच वहीवर, त्यामुळे 'ताप' हा शब्द मला माझ्या नावाआधी लिहिता आला. कापूस वेचायच्या दिवसांत बाया पहाटेच रानात जात आणि मागे राहिलेलं तान्हं झोपून राहावं म्हणून त्याला अफूची बारीक गोळी चाटवत. घरोघरी हेच चाले, कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

मग आपल्या शेजारचं लेकरू गेलं. सात महिन्यांचं, गुटगुटीत. तुम्ही पंचनाम्याला गेलात आणि आलात ते न जेवताच बसून राहिलात. ताप नव्हताच. आईने रानात जाताना एक गोळी दिली होती, आणि आजीला ते माहीत नव्हतं. पोर किरकिरलं म्हणून तिनेही एक दिली. तुम्ही वही उघडली, ताप लिहायला टाक टेकवला आणि तसेच थांबलात. मग 'अफू, जहर' असं लिहिलंत. लेकराची आई दारात येऊन तुम्हाला नाही नाही ते बोलली. तिचा आवाज मला अजून ऐकू येतो.

"माह्या हातानं मारलं असं लिहिता व्हय पाटील?"

"न्हाई बाई," तुम्ही म्हणालात. "तू एक दिली, म्हातारीनं एक दिली. कोणीच मारलं न्हाई. पण ताप लिहिला तर फुडच्या घरात बी दोघी दोन देतील."

तिथून तुम्ही प्रत्येक तान्ह्याच्या मौतीला घरात जाऊन विचारायला लागलात, आणि जहराचा रकाना भरत गेला. लोक तुमच्याशी बोलेनासे झाले. आईला विहिरीवर बाया बाजूला सरून जागा देत, आणि ते मानाने नव्हे. हिंगोलीहून तहसिलीचा अंमलदार, पेशकार, आला. चावडीत बसून त्याने वही चाळली. आपल्या गावात जहर एकाएकी वाढलंय, बायका लेकरं मारतात, चारदोघींना धरून नेल्याशिवाय जरब बसायची नाही, असं तो बोलून राहिला. मी दाराआड उभी होते. तुम्ही एक शब्द फिरवला असता तर सगळंच मिटलं असतं.

"जहर न्हाई वाढलं साहेब, लिहिणं वाढलं," तुम्ही म्हणालात. "आधी ह्याच लेकरांना मी तापात घालत होतो."

म्हणजे आजवर खोटं लिहिलं का, असं त्याने विचारलं. तुम्ही व्हय म्हणालात. पाटीलकी जाईल हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. मग तुम्ही मला आत बोलावलंत, वही माझ्या हातात दिलीत आणि जहराच्या नोंदींचा महिना न् वय तेवढं वाचायला सांगितलंत. मी पाढ्यासारखं वाचत गेले. सगळी मौत वेचणीच्या नाहीतर निंदणीच्या दिवसांतली, सगळी लेकरं मांडीवरची. आया रानात असतानाची. मारायचंच असतं तर मौत बारमाही दिसली असती, हे उमगून पेशकाराने वही मिटली. बायांना धरायचं राहिलं, आणि तुमची पाटीलकीही राहिली, तंबीवर.

पुढचं काम तुम्ही धनगरवाड्यात जाऊन केलंत. तिथल्या एका म्हातारीचे पाय मेंढरांमागे चालेनासे झाले होते, आणि दिवसा मेंढरं रानात गेली की वाडा रिकामाच असे. तुम्ही तो झाडून घेतलात, कडुलिंबाच्या सावलीत गोधड्या टाकल्यात आणि बायांना सांगितलंत, लेकरं इथं म्हातारीजवळ ठेवा, दुपारी पाजायला या. पहिली आली ती शेजारचीच, मागाहून झालेलं लेकरू घेऊन. तुमच्याकडे न बघता तिने ते म्हातारीच्या मांडीवर दिलं.

पुढच्या वेचणीला जहराचा रकाना कोरा राहिला. मी आनंदाने नाचतच तुमच्याकडे आले, तर तुम्ही डाफरलात. आधी तापाचा रकाना बघ माय, म्हणालात, तिथं लेकरं वाढली असली तर लोक पुन्हा लपवून राहिलेत. मी रुसून मोजायला बसले. तिथेही वाढली नव्हती. तेव्हा कुठे तुम्ही हसलात, आणि आईला चहा टाकायला सांगितलंत. तुमचं ते हसणं आठवलं की अजूनही मला बरं वाटतं.

पुढे मी नर्स झाले, कळमनुरीकडे. तुमची लेक म्हणून मी ताठ मानेने नोंदी ठेवल्या, असं सगळ्यांना सांगत आले. एक नोंद सोडून, दादा. चार वर्षांचा पोरगा, शरबताच्या बाटलीत ठेवलेलं फवारणीचं औषध पिऊन गेला होता. बापाने माझे पाय धरले, पोलीस नको म्हणाला, आणि मी उलट्या-जुलाब लिहिलं. आज नातीचा कागद उलटा करून मागे मी ती नोंद खरी लिहून काढली. वय, महिना, कसली बाटली, कुठल्या फळीवर होती, सगळं. उद्या नात तो कागद दवाखान्यात घेऊन जाईल. खाली माझी सही आहे. तुम्ही चावडीत व्हय म्हणालात तेव्हा तुम्हालाही अशीच भीती वाटली होती का, हे मी कधी विचारलंच नाही. मला वाटतेय.