फटफटीची गाळणी

५ जानेवारी १९५७, धानोरा
मुरूमटोल्याला ढोरांना लस टोचायला निघालो होतो. नवव्या मैलावर फटफटी तापली आणि अडकली ती अडकलीच. तीन तास सागाखाली बसून. पेटीतल्या बर्फाचे पाणी झाले, बुळकांडीची लस वाया. शेवटी फटफटी बैलगाडीत घालून परत. रुबाबात निघालेला ढोरांचा डॉक्टर बैलांच्याच कृपेने घरी आला. सुमतीने हसू दाबले नाही. हसू दे, बायकोच आहे.

९ जाने.
चांद्याहून उस्मान मिस्त्री आला. दिवसभर इंजिन उघडून बसला. निदान: आत तेल गाळणारी नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, गाळणी पार कुजली, कचरा सरळ इंजिनात. "मशीन अच्छी है साहेब. गाळणी चांगली घाला, नाई तर पुन्हा बैलगाडी." नवा नमदा नागपूरहून मागवला.

संध्याकाळी मुरूमटोल्याचा निरोप. लखमाभाऊच्या जोडीतला एक बैल बुळकांडीने गेला, दुसरा अजून धड आहे. निरोप्याने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, म्हणून जास्त लागले. नवी लस २४ ला यायची आहे. या खेपेला वाटेत बसून चालणार नाही.

१५ जाने.
नागपूरचे पार्सल. नमदा पांढराशुभ्र, घट्ट, बघूनच समाधान. सुमतीचे मात्र वेगळेच. मेंढ्या राखणाऱ्या कुरमाराकडून घेतलेल्या काळ्या घोंगडीचा तुकडा पुढे केला.
"घोंगडीतून पाणी जात नाही, मग कचरा कसा जाईल?"
"पाणी जात नाही तर तेल कसं जाईल?"
"बघा तरी."
चुलीपाशी दोन्हींतून इंजिनचे तेल गाळून पाहिले. दोन्हींतून गेले. नागपुरी नमद्यातले जास्त स्वच्छ. निकाल लागला. ज्या पितळी गंजात तेल गाळले तो सुमतीचा माहेरचा निघाला. त्याचा निकाल अजून लागायचा आहे.

१८ जाने.
मैनाबाई तलावाची मासोळी घेऊन आली. ढिवराची बाई, मोहाच्या टोळीचे, म्हणजे बियांचे, तेलही गाळून विकते. ओट्यावर दोन गाळण्या पाहून थांबली. मी चुलीपाशी केलेली परीक्षा ऐटीत सांगितली.
"चुलीपाशी काऊन गाळता जी डाक्तर? तिथी त आमचं टोळीचं तेलबी कोनत्याबी फडक्यातून जाते. पहाटे पाहा. थंडीत बसून राह्यते ते."
म्हटलं, हे मोटारीचं तेल, ते गोठत नाही.
"नाई गोठत त नाई. पाहाले तुमचं काय जाते?"
काही जात नव्हते. तरी दिवसभर राग येत राहिला. मासोळी चांगली होती.

२० जाने.
उजाडायच्या आधी अंगणात. हात गारठलेले. नागपुरी नमद्यावर तेल ओतले. दह्यासारखे वर बसले. शंभर अंक मोजले, खाली एक थेंब नाही. घोंगडीतून बारीक धार, पण धार.
म्हणजे हा नमदा घालून निघालो असतो तर इंजिन सकाळच्या गारठ्यात कोरडेच फिरले असते. आणि मी निघतो नेहमी पहाटे, बर्फ टिकावा म्हणून! पुन्हा तोच नववा मैल.
मैनाबाई आल्यावर कबूल केले. "मंग?" म्हणाली आणि मासोळी मोजायला लागली. बाईचा विजय असा कोरडा असतो.

२२ जाने.
सुमतीने घोंगडीची टोपी शिवली, जुन्या गाळणीच्या मापाची. सुटे केस निघावेत म्हणून घासलेटात पाच वेळा धुतली. शिवताना म्हणाली, "बैलगाडीतून आलात तर मी हसणार नाही या वेळी." का, विचारले. "एकदा हसले ते पुरे." मला तिचे हसणे बरे वाटले होते, हे सांगायचे राहून गेले. इथे लिहितो.
गाळणी बसवली. तलावापर्यंत जाऊन आलो. तेलाच्या टाकीचे झाकण काढून पाहिले, इंजिनातून परत येणाऱ्या नळीतून तेल पडते आहे. सारखे पाहावेसे वाटते.

२५ जाने.
पहाटे निघालो. नवव्या मैलाला उतरून झाकण उघडले. धार आहे. सागाकडे न बघता पुढे.
मुरूमटोल्याला ऊन चढायच्या आत. सगळा गाव ढोरे घेऊन उभा. लखमाभाऊ पहिला, एकटाच बैल घेऊन. आधी पेटीवर हात ठेवला.
"या खेपेले थंडी हाये ना जी लस?"
"हाये."
तरी हात तसाच ठेवून उभा राहिला. मग स्वतःच दावे आवळून धरले. सगळी ढोरे टोचून झाली. परतीला बांधून दिलेली लाखोळीची डाळ. आज फार बरे वाटते आहे.

२७ जाने.
तेल तपासले. टाकीत एक केस. काळा.
मेंढीचा असेल तर घोंगडी सुटायला लागली, असेच केस नळीत अडकून तेल बंद पडायचे. मग गाळणी काढायची, लस पुढच्या गावी न्यायच्या आत. शिवताना पडलेला सुमतीचा असेल तर काही चिंता नाही. बोटावर घेऊन उन्हात धरला. मेंढीच्या मानाने लांब वाटतो, सुमतीच्या मानाने आखूड.
सुमतीला विचारले. वेणी पुढे घेऊन शेजारी धरली, बराच वेळ पाहिले. "तुम्हाला कोणाचा हवा?" म्हणाली.
परवा पहाटे लस घेऊन निघायचे आहे.