सहा महिन्यांचा राजमा

३ मार्च
आधी शिजवायचा आणि मग वाळवायचा! ऐकून मी कपाळावर हात मारला. पण सूनबाईचं म्हणणं बरोबर आहे. तिचं हवामान केंद्र इतकं उंचावर, की तिथे राजमा दिवसभर उकळला तरी शिजत नाही. इंधनही मोजकंच. असा वाळवून नेला की उकळतं पाणी ओतायचं, झाकून ठेवायचं — झालं जेवण. एक किलो भिजवला.

४ मार्च
मऊ शिजला, पण दाणा अख्खा राहिला. निथळून ट्रेमध्ये एकेरी पसरला. ओव्हन अगदी मंद, दारात लाकडी चमचा अडकवून फट ठेवली, वाफ बाहेर पडायला. संध्याकाळपर्यंत दाणे तडकून खडखडीत! "आई, तुम्हाला जमलं की!" म्हणे. न जमायला काय झालं?

मुलगा जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. सहा महिन्यांची नेमणूक आहे म्हणते. परत येईल ना? विचारलं नाही. धाकटी बहीण फोनवर म्हणाली, "ती काय जन्मभर तुझ्याजवळ बसणार आहे?" हिच्या जिभेला हाडच नाही.

१६ मार्च
आज स्वतःवरच चिडले. दुसऱ्या घाण्यात चमचाभर तेल घातलं होतं. तिने बजावलं होतं, "तेलाचा थेंबही नको, टिकत नाही." पण बेचव अन्न माझ्या घरातून बाहेर कसं जायचं? बरणी उघडली तर दाणे चिकट आणि खवट वास. सगळा टाकला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! ती मात्र हसली. "आई, माया जरा कमी घाला."

१७ मार्च
बरण्या रोज हलवून बघते. काचेला आतून ओल नाही.

२१ मार्च
बिनतेलाचे आणखी तीन घाणे झाले. चाळीस पाकिटं भरली. एका पाकिटात एका माणसाचं एक जेवण.

तिची बॅग आतापासूनच भरून झाली; निघायचंय २८ ला. मुलाचा फोटो कपाटावरच आहे. परत येणार म्हणून ठेवलाय, की आता नकोच म्हणून? दुपारी पडले, पण डोळा लागला नाही. मला भीती वाटते. लिहायला काय लाजायचं?

२२ मार्च
सकाळी स्वयंपाकघरात आली. माझ्याकडे न बघता पाकिटांवरून हात फिरवत उभी राहिली.

"आई, दोघांना पुरेल का हे?"

केंद्रावर एकजण आहे. तिच्याच खात्यातला. वर्षभर सांगायचं धाडस झालं नाही म्हणे. "तुम्ही नको म्हणालात तर..."

रडले. खूप रडले. तीही रडली. मग डोळे पुसून त्याची भूक किती आहे ते विचारलं, आणि अजून चार किलो भिजत घातला.