जमुनाबाईचं वावर

आश्विन शुद्ध ११, शके १७८६. अमरावती

खुशालराव आज पुन्हा आले! काल दसऱ्याचं सोनं देऊन गेले होते, आज म्हणे सहज. माझ्या खोलीच्या दारात बसले आणि आवाज असा चढवला की आत घरमालकीण जमुनाबाईंना प्रत्येक शब्द ऐकू जावा — "शेषराव, एकट्या माणसाची काय जिनगानी हाय? आमची वहिनी पहा. नत्थुभाऊ जाऊन तीन वर्स झाली. पाट लावून टाका तुमी दोघं. मी सोता उभा राह्यतो!"

आत भांडं आपटलं.

"आन् तुमी बिनलग्नाचे, तवा आधी रुईच्या झाडासंग लगन लावा लागते, मंग बाईसंग पाट. रीतच हाय. रुई मी आणतो. त्याची फिकीर नोका करू."

मेलेल्याचा सख्खा धाकटा भाऊ, आणि भावजयीचं घर पुन्हा बसावं म्हणून एवढा जीव टाकतो! महिनाभर मी या माणसाला देवच समजत होतो. मग बाजारात कोणीतरी सांगितलं — जमुनाबाईंना मूलबाळ नाही. त्यांनी पाट लावला, दुसरं लग्न केलं, की बडनेऱ्याच्या रस्त्यावरचं नत्थुजींचं कापसाचं वावर त्यांच्या हातून सुटणार आणि खुशालरावांच्या हाती पडणार. अमेरिकेतल्या लढाईमुळे विलायतेला कापूस मिळत नाही, आमच्या काळ्या मातीला कधी नव्हे तो भाव आला आहे, आणि खुशालरावांना वहिनीचा पुळका आला आहे.

आता खरं लिहितो. मला ती हवी आहे. तोंडावर जमुनाबाई म्हणतो, इथे नुसतं जमुना लिहीन. इथे कोण ऐकतंय!

आश्विन वद्य २

ती वावरातून परतली तेव्हा लुगड्याच्या काठाला कापसाच्या बोंडाचं सालपट अडकलं होतं. सांगावं की न सांगावं, या विचारात ती आत निघून गेली. दुपारभर बाजारात पेढीच्या कापसाच्या गाठींवर शाईने खुणा घालताना डोळ्यांपुढे तेच सालपट. दोन गाठींवर खूण उलटी उमटली. मूर्ख!

आश्विन वद्य ६

आज कचेरीत जाऊन आलो. बाहेरच्या लिंबाखाली मोरोपंत अर्जनवीस बसतात, लोकांचे अर्ज लिहून देतात, कायदा त्यांना तोंडपाठ. मी विचारलं, विधवेने पाट लावला आणि तरी पहिल्या नवऱ्याचं वावर तिच्याकडेच राहील, अशी काही वाट आहे का?

"कोणाचा पाट?"

"एका ओळखीच्या माणसाचा."

पंतांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी लिंबाकडे पाहिलं.

"नाही," म्हणाले. "विधवाविवाहाचा आठ वर्षांपूर्वीचा सरकारी कायदा तेच सांगतो, तुमच्या जातीची रीतही तीच. बाई विधवा आहे तोवर वावर तिचं. दुसऱ्याची झाली की पहिल्याच्या वारसांचं."

"बक्षीसपत्र? काही कागद?"

"तिला खायचा हक्क आहे, देऊन टाकायचा नाही. मात्र पाटाआधी जे पेरलं, वेचलं, घरात आणलं, ते तिचं. त्याला कोणी हात लावू शकत नाही."

म्हणजे तिने मला हो म्हणायचं तर वावर सोडायचं. कोणत्या तोंडाने विचारू? ते वावर तिने उभं केलं आहे. नत्थुजी गेले त्या साली खुशालरावांनी बैल द्यायला नकार दिला, तेव्हा हिने शेजारच्यांचे बैल मागून आणले आणि स्वतः मागे चालून पेरणी केली. तिच्या म्हाताऱ्या आत्याने, मैनाबाईने, मला सांगितलं. जमुना स्वतःहून असलं कधी सांगायची नाही.

परत येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रुई. इतकी वर्षं या रस्त्याने जातो, एवढी रुई आहे हे कधी दिसलं नव्हतं!

आश्विन वद्य १२

सगळं फिसकटलं.

मी घरात पाऊल टाकतो तर ती अंगणात उभी. हात कमरेवर. "शेषराव, तुमी मोरोपंताकडे गेलते?"

मी हो म्हटलं. खोटं बोलता आलं नाही.

"आन् खुशालभाऊ बी गेलते. त्याच हप्त्यात, त्याच पंताकडे! पाट लावला त वावर कवा सुटते, हे इचारून आले दोघं. अर्धं अर्धं ठरलं का?"

मी नेमकं उलट विचारायला गेलो होतो, एवढं सांगितलं की झालं असतं. पण मग का विचारलं, तेही सांगावं लागलं असतं. अंगणात, मैनाबाईंच्या देखत, भरल्या दुपारी! माझ्याने झालं नाही.

"घरधनी गेले तवा मले या वावरानं जगवलं," ती म्हणाली. "मले वाटलं व्हतं तुमी तसे नाही." मग आवाज एकदम खाली आला. "खोली खाली करा."

भाडेचिठ्ठीत एक महिन्याची मुदत लिहिली आहे, माझ्याच हाताने. कायद्याने मी हलायचं काही कारण नव्हतं. पण ज्या घरात ती माझ्याकडे अशी बघते, तिथे कागद दाखवून राहायचं? उद्या निघतो. पेढीच्या मालकांना अकोल्याला माणूस हवाच आहे.

कार्तिक शुद्ध ५. अकोला

खोली मिळाली. घरमालक विचारतो, बायको कुठे आहे? म्हटलं, नाही. म्हणाला, मग दिव्याला तेल कमी लागेल!

कार्तिक वद्य ८

अमरावतीकडच्या गाड्या मूर्तिजापूरवरून इथे येतात. आलेल्या प्रत्येक गाडीवानाला मी विचारतो, बडनेऱ्याच्या रस्त्याला पीक कसं आहे? त्यांना वाटतं, कापसाच्या भावाची चौकशी. सांगतात, बरं आहे, बोंडं फुटली आहेत. तेवढ्यावर माझा दिवस जातो.

आता वेचणीचा पहिला दिवस झाला असेल. तिने वावरात दहीभाताचा नैवेद्य ठेवला असेल. गेल्या साली उरलेला दहीभात माझ्या दाराशी ठेवून गेली होती, झाकण घालून, हाक न मारता. मी तो संध्याकाळपर्यंत पुरवून खाल्ला. आंबट झाला होता. तसा दहीभात पुन्हा कुठे मिळणार!

आज पेढीवर एक बोरा सुटला, कापूस अगदी पांढरा, पाचोळ्याचा कण नाही. ती असा वेचते. मी त्यात तोंड घालून वास घेतला. हमाल हसले. हसू देत.

मार्गशीर्ष शुद्ध ३

आज काही नाही. गाडी आली नाही.

पौष शुद्ध ९

अमेरिकेतली लढाई थांबणार अशी आवई उठली आहे. भाव पडणार म्हणून पेढीवर सगळ्यांचे चेहरे उतरले. माझा आधीचाच उतरलेला, त्यामुळे कोणाला फरक कळला नाही.

पौष वद्य ४

मोरोपंत भेटले! एका वारसाच्या तंट्यासाठी इथल्या कचेरीत आले होते. मला पाहून स्वतःच थांबले.

"ती बाई माझ्याकडे येऊन गेली," म्हणाले. "पायरीवर बसून राहिली, हलेचना. म्हणे, त्या दोघांनी काय इचारलं ते सांगा. मी सांगितलं. एकाने विचारलं, वावर कधी सुटेल. दुसऱ्याने विचारलं, कसं सुटणार नाही."

विचारलं, मग ती काय म्हणाली?

"काही नाही. उठून पदर झटकला. मग म्हणाली, उभा कापूस वेचून होईस्तोवर माझाच ना? मी म्हटलं, तुझाच. मग तुमचा पत्ता विचारला तिने, तो तुमच्या पेढीवरून काढून दिला. आणि गेली."

झालं. एवढं ऐकूनही तिने विचारलं ते कापसाचंच. चूक नाही तिची. मी कोण? शाईचा डबा आणि कुंचला, एवढी माझी दौलत. वावराने तिला जगवलं, मी तर अंगणात उभं राहून दोन शब्दही बोललो नाही. पत्ता घेतला तो भाड्याची जुनी चिठ्ठी परत करायला असेल. तिचा स्वभावच तसा, कोणाचं काही ठेवायची नाही.

तरी आज तिची इतकी आठवण येते आहे की जेवण गेलं नाही. उद्यापासून गाडीवानांना विचारायचं नाही. ठरलं.

पौष वद्य ५

विचारलं.

माघ शुद्ध १२

मूर्तिजापूरच्या गाडीवानाने सकाळी दाराशी एक मडकं ठेवलं. म्हणाला, "बडनेऱ्याच्या रस्त्यावर एका बाईनं देलं. माह्या देखतच वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून उपटलं. वेचणी झाली म्हना, म्हने. दुसरं काई नाही बोलली."

मडक्यात रुईचं रोप आहे. मुळाशी काळ्या मातीचं ढेकूळ, दोन्ही हातांत मावणार नाही एवढं.