उजवी बाही

सोमवार, ४
आले एकदाची. कोटांचं दुकान खाली, माझी खोली वर. खिडकी मोठी, गादी मऊ, नळाला पाणी. आणखी काय हवं? मास्तर बोलके आहेत. आजारपणात त्यांची उजवी बाजू लुळी पडली, म्हणून कापायला मला ठेवलंय. मास्तरीणबाईंनी आल्या आल्या माझंच माप घेतलं. कामाला येणाऱ्याला इथे एक कोट शिवून देतात म्हणे. दोन्ही बाजूंची मापं वेगळी घ्यायची, ही यांची पद्धत. ज्या हातानं आपण काम करतो तो अंमळ जाड असतो, त्या बाजूचा खांदाही जरा खाली. माझा उजवा दंड डाव्यापेक्षा चांगला अर्धा इंच जास्त भरला. कातरीची कृपा, म्हटलं.

गुरुवार, ७
मास्तरांची शिकवायची तऱ्हा न्यारीच. मी कापड कापते तेव्हा ते आपला लुळा हात दुसऱ्या हातानं उचलून माझ्या हातावर ठेवतात. त्याशिवाय वळण लागत नाही म्हणाले. हात गार आहे, पण वडीलधारा माणूस, काय बोलणार?
धाकटीला फोन केला, तूही ये, दोघी मिळून काम करू. आई गेल्यापासून ती तिकडे एकटी, माझा जीव तिच्यातच अडकलेला. पोरगी फोनवरच नाचली.

शनिवार, १६
कोट झाला. अंगात चपखल बसला, फक्त उजवी बाही ढगळ. मास्तरीणबाईंचं माप चुकलं की काय, म्हणून त्यांची थट्टा केली. त्या हसल्या नाहीत. मग मीच टेप घेऊन मोजलं. बाही बरोबर आहे. माझा दंडच डाव्यापेक्षा बारीक झालाय.

गुरुवार, २१
कातर हातातून सुटली. मनगटावर नुसती कातडी. आज मास्तरांनी सदऱ्याची बटणं उजव्या हातानं लावली, माझ्यासमोर, शीळ घालत. आता त्यांना हात लावू द्यायचा नाही.

रविवार, २४
हे डाव्या हातानं लिहितेय. उजवा उचलवतच नाही. जाते म्हटलं, तर मास्तरीणबाई म्हणाल्या, खुशाल जा, पण अशा हाताला काम कोण देणार? कुणाचा तरी चांगला हात धर, परत भरेल. आमच्या ह्यांचा नाही का भरला—
धाकटीचा फोन लागत नाही. गाडीत बसली असेल. तिला दारातूनच परत—

मंगळवार, २६
आली. तिला घेऊन लगेच निघणार होते. माझा हात बघून रडली, वेडी. ताई, हे काय झालं गं, म्हणत तो आपल्या हातात घेतला. ऊब आली. बोटं हलली.
काढून घ्यायला हवा होता. घेतला— नंतर.

शुक्रवार, २९
उजव्या हातानं लिहितेय. अक्षर किती सुरेख येतंय.
धाकटीच्या हातून कप पडला. प्रवासाचा शीण, म्हणाली. आज सगळं सांगते. आत्ताच. ती शेजारी येऊन बसलीय, ताई, दे हात, चोळून देते, म्हणतेय. मी नको म्हणणार आहे. फक्त अंगठा तेवढा अजून—