बाटली गारच होती

वर्धा, ११ जून १९५६

प्रिय मीरा,

माणिकचे जुलाब थांबले आणि तो पुन्हा हातपाय झाडू लागला, हे दुसऱ्यांच्या तोंडून कळलं. विषमज्वरानं तुझं दूध आटलं, तेव्हा भाच्याच्या दुधाची जबाबदारी मी आपण होऊन घेतली होती. त्यानंतर समुद्रपूरला तुझ्या दारी यायचा मला धीर झाला नाही.

डेअरीचं बाटलीबंद दूध कुठवर टिकेल, हे सांगणं माझं काम. किती उष्णतेला जंतू किती झपाट्यानं वाढतात ते प्रयोगशाळेत पाहून मी तुला छातीठोक सांगितलं की दूध संध्याकाळपर्यंत चांगलं राहील. तू म्हणालीस, "दादा, तरी एक उकळी काढते." मी हसलो. एकदा तापवून बंद केलेलं दूध पुन्हा कशाला उकळायचं, म्हणालो. तू ऐकलंस. लहानपणापासून तू माझं ऐकतच आलीस.

माणिकला जुलाब लागून दवाखान्यात नेलं, तेव्हा तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "इनंच बाटली उन्हात ठेवली असन." बाटली थोडा वेळ ओट्यावर राहिली होती, म्हणून तू मान खाली घातलीस. मी शेजारीच उभा होतो आणि गप्प राहिलो. मीरा, तेव्हा मलाही वाटलं होतं की चूक तुझीच असेल.

गेल्या आठवड्यात मी स्वतः दुधाच्या पेटीबरोबर बसनं निघालो, एका बाटलीत थर्मामीटर घालून. निघताना बाटल्या बर्फात होत्या. वाटेत जामच्या थांब्यावर गाडी बदलायची, तर समुद्रपूरची गाडी येईना. टिनाच्या शेडखाली बर्फाचं पाणी झालं आणि पारा चढत राहिला. कंडक्टरला विचारलं, नेहमी असंच होतं का. तो म्हणाला, "उन्हाळ्यात गाडी तपते साहेब, मंग उशीर होतेच. पण आमी पेटी तशीच नाई देत. सरबतवाल्याकून बर्फ घेऊन टाकतो. लोकायले दूध गारच भेटते." भला माणूस आहे तो. समुद्रपूरला बाटली खरोखर गार लागली.

वाटेत काढलेले नमुने परत येऊन तपासले. जंतू जामलाच बेसुमार वाढले होते. गारव्यानं त्यांची वाढ मंदावते, झालेली वाढ काही कमी होत नाही. मी मात्र हिशेबात सगळ्या वाटेला एकच उष्णता धरून बसलो होतो. तुझ्या ओट्यावरचा वेळ धरून पाहिला, सोडून पाहिला, फरक पडत नाही. दूध तुझ्या दारात आलं तेव्हाच बिघडलेलं होतं. जाममार्गे बाटल्या पाठवणं आता मी बंद करवलं आहे.

काल माधवराव शाळेच्या कामाला इकडे आले होते. बायकोबद्दल कधी अक्षर न काढणारा माणूस, पण जाताना सांगून गेले की माणिकला आता सासूबाईच पाजतात. तो रडला तरी तू दारातच उभी राहतेस आणि "माझ्या हातानं नको" म्हणतेस. म्हणून हे पत्र. सासूबाईंना ते वाचून दाखव. त्यांना जे बोलायचं ते मला बोलू देत, रविवारी मी येतो आहे. तू मात्र रविवारची वाट पाहू नकोस. आज माणिकला मांडीवर घे आणि तुझ्या हातानं पाज. त्या हाताकडून काहीही चुकलेलं नाही.

तुझाच,
अच्युतदादा